दोरा बांधलेली बोंडं

संघमित्राचं डोकं फिरायला वेळ लागत नाही, हे बोरीवलीच्या त्या बिल्डिंगमध्ये दूधवाल्यापासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. म्हणून रविवारी सकाळी गच्चीवरून तिचा आवाज आला तेव्हा कोणी दार उघडलं नाही. ज्यांची उघडी होती त्यांनी हळूच लावून घेतली.

"कोणी केलं हे? हिंमत असेल तर वर या!"

वर गेला तो एकटा तिचा नवरा सम्यक. तोही तोंडात ब्रश घेऊन.

गच्चीच्या नॅशनल पार्ककडच्या कोपऱ्यात रंगाचे रिकामे डबे रांगेनं मांडलेले होते आणि प्रत्येक डब्यात कापसाचं एक झाड. बहुतेक झाडांना अजून हिरवी, घट्ट बोंडं. पाण्याच्या टाकीजवळचं एकच झाड पूर्ण फुटलेलं होतं. म्हणजे फुटलं असणार. आता त्याच्यावर बहुतेक नुसती वाळकी टरफलं उरली होती. आतला कापूस गायब.

"माकडं," सम्यक फेस सांभाळत म्हणाला.

"माकडं? माकडं काय मांडी घालून कापूस वेचतात? एक फांदी मोडली नाही, एक पान पडलं नाही. आणि हे बघ. हे खालचं बोंड. भरलेलं आहे की नाही? ह्याला दोरा नव्हता. दोरा बांधलेली तेवढीच गेलीत, बिनदोऱ्याची जशीच्या तशी. माकडाला लाल दोरा कळतो?"

सम्यक पुन्हा दात घासायला लागला. लग्नाच्या पहिल्या वर्षातच तो हे शिकला होता.

"तुला सांगून गेले होते ना लक्ष ठेव म्हणून?"

"तू म्हणालीस हात लावू नको."

"हात लावू नको म्हणजे बघू पण नको?"

आता हे कापसाचं खूळ काय, ते सांगायला पाहिजे. संघमित्रा यवतमाळकडची. अकोल्याला शेतीची डिग्री घेतली, लग्न होऊन बोरीवलीत आली आणि मरोळला एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात फोनवर बसली. कानाला हेडफोन लावायचा आणि शेतकऱ्यांना उत्तरं द्यायची. जुलै सरला की सुरू. मॅडम, पाणीच उशिरा आलं, आता कोणतं लावू? मॅडम, पहिली पेरणी जळाली, दुसरी करतोय, जमेल का? समोरच्या स्क्रीनवर एकच वाक्य यायचं, तेवढं वाचायचं. 'शिफारस केलेली तारीख उलटून गेली आहे.' पहिल्या वर्षी तिनं मुकाट वाचलं. दुसऱ्या वर्षी वाचताना तिला स्वतःचाच राग यायला लागला.

कारण तिच्या आईचं वावर असंच. चिबड. म्हणजे नाल्याकाठची खोलगट जमीन, पाऊस पडला की पाणी साचून राहणार, ऑगस्ट सरेपर्यंत पाय टाकला तर गुडघ्यापर्यंत आत. गावात जमिनी वाटल्या गेल्या तेव्हा बौद्धवाड्याच्या वाट्याला असलीच आली, आणि तेव्हा कोणी विचारायला गेलं नाही की का. साऱ्या गावाची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कमरेला लागते तेव्हा हिची आई सोनूबाई पेरायला काढणार. मग झाड वाढायचं, फुलायचं, बोंड धरायचं आणि बरोबर तेव्हाच थंडी पडायची. थंडीत बोंड उघडतच नाही. हिरवं राहतं, काळं पडतं, अळ्या खातात. दर वर्षी तेच.

म्हणून संघमित्रानं उशिरा पेरली तरी वेळेत फुटेल अशी कापसाची जात स्वतःच तयार करायला घेतली. गच्चीवर, रंगाच्या डब्यांत. लोक हसले. हसू देत. तिनं दोन देशी जाती आणल्या. एक घाईची, पण बोंड बोराएवढं. दुसरीचं बोंड भरदार, पण ती महाआळशी. संध्याकाळी एकीच्या कळीतले पुंकेसर नखानं खुडून टाकायचे, वर कागदाची टोपी घालायची, आणि सकाळी दुसरीचं फूल आणून त्यावर घासायचं. त्यातून जे बी येईल ते मुद्दाम ऑगस्टच्या शेवटी पेरायचं, आईच्या वावरात पेरतात तसं. मग बघत बसायचं, कोण वेळेत फुटतं. जे फुटलं त्याचं बी ठेवायचं, बाकीचं उपटून फेकायचं. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. असे पाच पावसाळे गेले.

आणि या वर्षी हे टाकीजवळचं झाड निघालं. बाकीची अजून फुलंच मिरवत होती तेव्हा याची बोंडं तयार. संघमित्रानं याच्या कळ्या उमलायच्या आदल्या संध्याकाळी त्यांची तोंडं लाल दोऱ्यानं बांधली होती. मधमाशी आत शिरायला नको, दुसऱ्या झाडाचा पराग मिसळायला नको. अशा बांधलेल्या कळीचं बी म्हणजे शंभर टक्के त्याच झाडाचं. फूल गळलं की तोच दोरा देठाला बांधायचा, खूण म्हणून.

सहा डिसेंबरला दादरला जायचं म्हणून गावाकडची मंडळी आली होती. एका खोलीत चौदा माणसं, गाद्यासुद्धा शेजारच्या कुंदाकाकींनी दिलेल्या. त्या गर्दीतून सोनूबाई लेकीबरोबर गच्चीवर आली आणि त्या झाडापुढे उभी राहिली. पहिलं बोंड तेव्हा नुकतंच तडकलं होतं.

"हे कवा पेरलं म्हनलं?"

"ऑगस्टच्या शेवटी."

"खोटं नको बोलू, संघे."

"सम्यकला विचार."

सोनूबाईनं जावयाला विचारलं नाही. तिनं कापसाची एक बट ओढून बोटांत पिळून बघितली, परत पिळली. "थंडीत उघडन हे?"

"इथं उघडलं. पण मुंबईत कसली थंडी? खरं काय ते तुझ्या वावरात कळेल."

सोनूबाई कठड्याला टेकली. वावर वीटभट्टीवाला मागत होता. चिबडाच्या मातीची वीट झकास होते म्हणे. संक्रांत झाली की मशीन लावून वरची सगळी माती उचलणार, आणि एकदा ती उचलली की खाली नुसता मुरूम. तिथं गवतसुद्धा धरत नाही.

"एका ओळीचं बी दे मले," सोनूबाई म्हणाली. "मंग त्याले थांबवतो. नाही तं मी आता थकलो, बाई. दर साली काळी बोंडं पाहून थकलो."

पुढच्याच आठवड्यात सोनूबाईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. संघमित्रा रजा टाकून गावी गेली. बोंडं झाडावरच सुकू द्यायची होती, म्हणून वेचली नाहीत. नवं वर्ष लागल्यावर परत आली, आणि हे असं.

*

गच्चीवरून ती थेट आपल्या दुसऱ्या माळ्यावर उतरली आणि सेक्रेटरी सुशांत परबच्या बेलवरचं बोट काढेना.

"गच्ची मोकळी करा, गच्ची मोकळी करा, वर्षभर माझ्या मागे लागला होतात. झालं समाधान?"

सुशांत बनियनवर होता. "काय झालं?"

"माझा कापूस कुठाय?"

"मॅडम, मला कापूस कशाला? गादी भरू?"

"दोरा बघून बघून काढलाय कोणीतरी! ठरवून!"

"अहो, मला दोरा लाल की हिरवा ते पण माहीत नाही! मी डब्यांवर नोटीस काढतो, तीसुद्धा तुम्ही फाडता. मी कधी हात लावलाय?"

जिन्यात आता तीन-चार डोकी दिसायला लागली होती. तेवढ्यात समोरचं दार उघडलं. कुंदाकाकी ओल्या हातांनी बाहेर आल्या, पदराला हात पुसत.

"अगं, तो टाकीजवळचा कापूस ना?" त्या एकदम सरळ म्हणाल्या. "तो मी काढला."

सुशांतनं दोन्ही हात वर केले, बघा, अशा अर्थानं.

बिल्डिंगमध्ये एकच माणूस असं होतं ज्याच्यावर संघमित्रा कधी ओरडली नव्हती, ते म्हणजे कुंदाकाकी. कणकवलीकडची बाई, नवरा काशीराम जुना गिरणी कामगार, दोघं पंचवीस वर्षं इथे. संघमित्रा नवीन आली तेव्हा गॅसचा नंबर लागेपर्यंत महिनाभर तिचा स्वयंपाक कुंदाकाकींच्या ओट्यावर झाला होता.

"तुम्ही?" संघमित्राचा आवाज चिरकला. "का?"

"मार्गशीर्षातले गुरुवार होते ना. वातींना कापूस बघत होते. वर कपडे वाळत घालायला गेले तर एका झाडाला सगळीकडे लाल दोरे. मला वाटलं, कोणीतरी नवस बोललंय. देवाचं झाड केलंय."

"माझ्या झाडाला? आम्ही करतो का नवस?"

"तुम्ही नाही करत, ठाऊक आहे गं. पण गच्चीवर चार लोक येतात. कोणी बांधले असतील म्हटलं. आणि मी सगळा नाही घेतला हां. दोरा होता तेवढाच देवाचा म्हणून घेतला. बाकीचा तुझा म्हणून ठेवला." हे सांगताना त्यांचा चेहरा अगदी उजळला होता. आपण किती न्यायानं वागलो ते कळावं म्हणून.

आणि मग संघमित्राच्या तोंडून ते गेलं.

"तुमच्या देवाला वात पाहिजे तर दुकानात मिळते, काकी! पाकिटात! माझी पाच वर्षं जाळायची काय गरज होती?"

कुंदाकाकींचा चेहरा विझला. त्या आत गेल्या आणि स्टीलचा डबा घेऊन आल्या. आत फुलवाती, एकसारख्या, जाईच्या कळ्यांसारख्या रचलेल्या. "घे," त्या म्हणाल्या. रागावल्या किंवा लागलं काही की त्यांची भाषा गावाला जायची. "घे तुझो कापूस. मिया काय चोरी केलंय नाय गो. माका खरोखर वाटला देवाचा."

"कापूस नकोय मला. बी कुठाय? आतली सरकी?"

"ती वाटली."

"मिक्सरमध्ये?"

"गो, लोकांका वाटली! शेवटच्या गुरुवारी उद्यापन झाला ना. सवाष्णींच्या ओटीत नारळ घातला, केळी घातली, त्यात म्हटलं देवाच्या झाडाची चार बियाही घालूया. असला बी कचऱ्यात टाकवता काय?"

आतून काशीरामकाकांचा आवाज आला. "मी म्हटलं होतं हिला, विचार म्हणून. आमच्या गिरणीत कापसाच्या गाठीला हात लावायचा तर जॉबरला, मुकादमाला विचारायला लागायचं."

"तुम्ही गप ऱ्हवा हो!"

संघमित्रा जिन्याच्या पायरीवर बसली. संक्रांत दहा दिवसांवर होती.

"कोणाकोणाला दिली? नावं सांगा."

*

त्या दिवशी बिल्डिंगमधल्या लोकांनी एक नवीनच गोष्ट बघितली. दोन बाया दारोदार फिरून ओटीत घातलेलं परत मागत होत्या. कुंदाकाकी बेल वाजवायच्या आणि बाजूला व्हायच्या. बोलायचं संघमित्रानं.

चौथ्या माळ्यावरची श्रुतिका हसतच बाहेर आली. "सरकी? मी तुळशीत खोवली ना. बघा तरी!" कुंडीत तुळशीच्या बुंध्याशी दोन जाड, गुबगुबीत पानं मातीतून वर आली होती, डोक्यावर अजून सरकीचं टरफल. संघमित्रा खाली वाकली. चुकीचा महिना, वीतभर कुंडी, आणि तरी किती ऐटीत. उपटून नेऊन काही उपयोग नव्हता.

"पाणी कमी घाल," ती म्हणाली. "आणि तुळशीला दुसरी कुंडी बघ. हे झाड तिला जगू देणार नाही."

पुढच्या गल्लीतल्या एका बाईंनी कपाळावर हात मारला. "अगं बाई, सरकी ना ती? मी गाईला घातली! देवळाबाहेर बसते ना, तिला. केवढी आवडीनं खाल्लीन!"

"पुण्य लागलं असेल," संघमित्रा दातांतून म्हणाली. कुंदाकाकींनी तिचा दंड धरून पुढे काढलं.

कुंदाकाकींची मुलगी अक्षता मुलुंडला. तिनं फोनवर सांगितलं की पोरानं सरकी खेळण्यातल्या ट्रकमध्ये भरली होती, सोफ्याखाली बघते. संध्याकाळी कोणाबरोबर तरी पाठवते. एका घरी देवघरातल्या वाटीत सापडली, तेवढीच धड.

दुपारपर्यंत संघमित्राची मूठसुद्धा भरली नव्हती. ओळ सोडा, ह्यात कोपराही झाला नसता.

"काकी, एवढ्या बोंडांचं बी एवढंच? बाकीचं कुठाय?"

कुंदाकाकी चपलेचा अंगठा बघत राहिल्या.

"काकी."

"उत्तराला दिलं. माझ्या भाचीला. मरोळला असते."

"किती?"

"बरंचसं." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "लग्नाला बारा वर्षं झाली तिच्या. पाळणा हलला नाही. म्हटलं देवाचं बी आहे, तिची ओटी जरा जास्त भरूया."

नुसता राग असता तर बरं झालं असतं. रागाचं संघमित्राला जमायचं.

"ओटीतलं परत मागत नाहीत गो," कुंदाकाकी हळूच म्हणाल्या. "तिच्याकडे तर नाहीच नाही."

"आमच्यात ओटीच भरत नाहीत," संघमित्रा म्हणाली. "मी मागते. चला."

*

नॅशनल पार्कच्या स्टेशनवरून मेट्रो पकडली. गुंदवलीला उतरून दुसऱ्या मेट्रोत बसायचं. रविवार होता, बसायला जागा होती, तरी दोघींच्या मध्ये एक सीट रिकामी राहिली. वाटेत कुंदाकाकी एकदाच बोलल्या.

"तुझ्या आईचं डोळ्याचं काय?"

"बरं आहे."

"तिला गोड चालतं ना? मागे आली तेव्हा माझ्या हातचे खापरोळे खाल्लेन."

संघमित्रा खिडकीतून बाहेर बघत राहिली. दुकानातल्या पाकिटाचं वाक्य तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

उत्तराचं घर इंडस्ट्रियल इस्टेटच्या मागच्या गल्लीत. ती तिथेच एका खोके बनवायच्या युनिटमध्ये सुपरवायझर. चाळिशीला टेकलेली, केस वर बांधलेले, आवाज मशिनींवरून बोलायची सवय असलेल्या माणसाचा.

"मावशी! फोन तरी करायचास! ह्या कोण?"

"शेजारीण," कुंदाकाकी म्हणाल्या, खुर्चीवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि भांडं मांडीत धरून बसून राहिल्या.

संघमित्रा उभीच होती. "तुमच्या ओटीत सरकी घातली होती यांनी. ती माझी आहे. मला परत पाहिजे."

आल्या आल्या, चहाच्या आधी. कुंदाकाकींनी डोळे मिटून घेतले.

उत्तरानं एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा मावशीकडे. "म्हणजे? देवाच्या झाडाची ना ती?"

"माझ्या झाडाची. गच्चीवरचं झाड. दोरे मी बांधले होते, मधमाशी शिरू नये म्हणून. यांना नवस वाटला." आणि मग तिनं सगळं सांगितलं. चिबड जमीन, आई, काळी पडलेली बोंडं, वीटभट्टी. भरभर, कोणी मध्येच थांबवेल अशा घाईनं. "आईनं एका ओळीचं बी मागितलंय. नाही दिलं तर संक्रांतीनंतर माती उचलतील."

उत्तरा उठून आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला, साड्या सरकवल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात खणाच्या कापडाचं लहानसं गाठोडं होतं.

"हसले होते मी मावशीला," ती म्हणाली. "त्या दिवशी. पण ठेवली होती. नीट घडीखाली. खोटं कशाला बोलू?"

कुंदाकाकींना ते बघवलं नाही. "थोडी ऱ्हवांदे गो तुझ्याकडे," त्या घाईनं म्हणाल्या. "बघ ना, ही काय सांगते, उशिरा पेरलं तरी ह्या झाडाला बोंडं..."

"मावशी. मी झाड नाही."

आवाज चढला नव्हता. पण कुंदाकाकींनी मांडीतलं भांडं खाली ठेवलं.

"बारा वर्षं झाली," उत्तरा म्हणाली, आणि आता तिनं संघमित्राकडे तोंड केलं होतं, जसं काही अनोळखी माणसाला सांगणं सोपं. "माझ्या ओटीत काय काय पडलं नाही! नारळ इतके, की खालच्या भटारखान्यातला माणूस विचारतो, वहिनी, या आठवड्यात नाही आले? खारका, बदाम, चांदीचा पाळणा. दिल्यावर सगळे माझ्याकडे असं बघतात, की आता तरी. कधी कोणी परत मागायला आलं नाही." ती जराशी हसली. "तुम्ही पहिल्या. म्हणजे पहिल्यांदाच काहीतरी कामाचं पडलं होतं. घ्या."

कुंदाकाकींनी पदर डोळ्यांना लावला. "मी तुला दुखवायला नाय गो दिलं."

"माहितीये मावशी. तू मायेनंच देतेस. म्हणून तर बोलता येत नाही."

संघमित्रानं गाठोडं घेतलं. वजन हाताला कळलं. होतं, पुरेसं होतं. ओळीला पुरून वर उरेल इतकं. आता वळावं आणि निघावं, एवढंच बाकी होतं. ती वळली नाही.

"पेपर आहे का जुना?"

उत्तरानं पेपर आणला. संघमित्रानं सरकी त्यावर ओतली. करड्या, लवदार बिया, अजून कापसाचे तंतू चिकटलेले. तिनं आधी पोकळ आणि फुटकी बाजूला काढली, मग उरलेल्या ढिगाचे तळहातानं दोन भाग केले.

"हा अर्धा तुमच्याकडे राहील."

उत्तराच्या भुवया वर गेल्या. "दया आली?"

"मला? मला दया येत नाही, यांना विचारा." कुंदाकाकींनी रडता रडता मान हलवली, नाही येत, खरंच नाही येत. "सगळं बी एका झाडावर ठेवलं, एका गच्चीवर ठेवलं, म्हणून ही वेळ आली. उद्या आईच्या वावरात डुकरं शिरली, नाला फुटला, तर माझ्याकडे काय राहील? पाच वर्षं पुन्हा? बी दोन घरी पाहिजे. माझ्या घरी ठेवलं तर पलीकडे ह्या राहतात."

"अगो!" कुंदाकाकी.

"फ्रीज आहे ना? घट्ट झाकणाची बाटली लागेल. कोरडी. खालच्या कप्प्यात ठेवायची, फ्रीजरमध्ये नाही. ओल लागली की संपलं."

"आणि मी परत दिली नाही तर?"

"तर मी येऊन ओरडेन. आमच्या बिल्डिंगला विचारा."

उत्तरा मोठ्यानं हसली. युनिटमध्ये हसत असेल तशी, मशिनीच्या वर. "मागाल कधी?"

"ऑगस्टमध्ये कळवते. तोवर कोणाच्या ओटीत घालायची नाही."

"कोणाच्या बापाला देत नाही."

मग तिघी पेपरभोवती बसल्या. किडकी बोटानं चाचपून काढायची, भरलेली ठेवायची. कुंदाकाकींची बोटं सगळ्यात भरभर चालत होती, पण काढलेलं प्रत्येक बी त्या संघमित्राला दाखवत होत्या. हे टाकू? हे टाकू? चार-पाच वेळा झाल्यावर संघमित्रा म्हणाली, "मला नका विचारू. तुम्हाला कळतंय."

"आता विचारतंय ना. आधी विचारलंय नाय म्हणून."

संघमित्रा थोडा वेळ बिया चाळत राहिली. "काकी, ते दुकानाचं म्हणाले ना मी. जिन्यात. सगळ्यांसमोर."

"हूं."

"तसं बोलायला नको होतं."

"बोललीस पण."

"बोलले."

"लागलं मला."

"माहितीये." तिनं एक बी नखानं दाबून बघितलं. "वाती जाळा तुम्ही. कापसाशी माझं काही देणंघेणं नाही, मला बीच पाहिजे असतं. पुढच्या वर्षी आधी विचारा, मी बी काढून घेते, कापूस सगळा तुम्ही न्या. देवाला चालेल ना बौद्धाच्या झाडाचा?"

कुंदाकाकींनी नाक ओढलं. "आजवर दोन गुरुवार चाललो. तक्रार नाय इली."

उत्तरानं चहा टाकला. चहाचं पाणी उकळेपर्यंत संघमित्रानं फोन लावला. तिकडे सोनूबाईनं पहिल्याच रिंगला उचलला.

"बोल, संघे. हाय बी?"

"आहे."

"एका ओळीचं?"

"हो. पण दोन-दोन टाकता येणार नाही. एकेक टाकावं लागेल."

तिकडे मागे कोंबड्यांचा आवाज. "एकेक टाकलं अन् पाखरानं उचललं तं?"

"तर तेवढी जागा रिकामी राहील."

"अन् थंडीत नाही उघडलं तं?"

हे मात्र संघमित्राला सोपं करून सांगता आलं असतं. ऑफिसात रोज ती लोकांना गोड आवाजात किती काय सांगायची. तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "माहीत नाही, आई. इथं उघडलं एवढंच खरं. तिथं नाही उघडलं तर मी पुन्हा काही म्हणणार नाही. मग तू ठरव."

उत्तरानं गॅस बारीक केला. कुंदाकाकींचा हात पेपरवर थांबला होता.

"मले वाटलं, तू म्हनशीन उघडते म्हंजे उघडते," सोनूबाई शेवटी म्हणाली. "तसं म्हनली असती तं मी देल्लं असतं वावर त्याले. ते भट्टीवालं असंच बोलते ना. हो म्हंजे हो." तिनं कोणाला तरी हाड् केलं, बहुतेक कोंबडीला. "सांगतो त्याले. एक साल थांब म्हनतो. पर पेरायले तू येजो. मजूर बाया एकेक बी नाही टाकत, मूठ मोकळी करतात."

"येते."

"रजा देतीन?"

"नाही दिली तरी येते."

फोन बंद झाला. कुंदाकाकी आणि उत्तरा दोघी तिच्याकडे बघत होत्या.

"काय म्हणाली आई?"

"पेरायला बोलावलंय," संघमित्रा म्हणाली आणि राहिलेलं किडकं बी शोधायला पुन्हा पेपरपाशी बसली.